बेकायदा इलेक्ट्रॉनिक पाळत
सरकार किंवा खाजगी कंपनी कायद्याने लागणारी परवानगी न घेता लोकांचे फोन ऐकते, मेसेज-ईमेल वाचते, लोकेशन काढते किंवा कोण कोणाशी कधी आणि किती वेळ बोललं याची नोंद ठेवते, त्याला बेकायदा इलेक्ट्रॉनिक पाळत म्हणतात. फोन टॅप करणं प्रत्येक वेळी बेकायदाच असतं असं नाही, बहुतेक देशांत ठराविक माणसाचा, ठराविक कारणासाठी, ठराविक मुदतीपुरता फोन ऐकायची लेखी ऑर्डर काढता येते. गडबड होते ती ऑर्डरच नसते तिथे, किंवा देशाच्या सुरक्षेचं कारण पुढे करून पत्रकार, वकील आणि विरोधी नेत्यांच्या मागे लागतात तिथे.

सरकारी पाळत वेगळी आणि कंपन्यांची वेगळी असं बरेच जण धरून चालतात पण ते खरं नाही, कारण केबल, एक्स्चेंज, सर्व्हर सगळं बहुतेक कंपन्यांच्या ताब्यात असतं आणि त्यांनी दार उघडल्याशिवाय सरकारला एवढ्या मोठ्या प्रमाणावर आत शिरणं अवघड जातं. अमेरिकेत १९४५ ते १९७५ अशी तीस वर्षं तार कंपन्या परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या कॉप्या सरकारला देत होत्या, ते सिनेटच्या चर्च कमिटीच्या चौकशीत बाहेर आलं आणि १९७८ मध्ये अशा पाळतीला कोर्टाची परवानगी लागेल असं सांगणारा फिसा कायदा झाला. तरी २००६ मध्ये मार्क क्लाइन या निवृत्त टेक्निशियनने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एटी अँड टीच्या इमारतीतली ६४१ए नंबरची खोली उघडकीला आणली, ती एनएसए या सरकारी गुप्तचर संस्थेसाठी होती. फायबर केबलवर स्प्लिटर बसवले होते, त्यामुळे ट्रॅफिक जिथे जायचं तिथे नीट जात होतं आणि त्याची जशीच्या तशी कॉपी या खोलीत येत होती, वापरणाऱ्याला पत्ताच नाही. ग्राहक कोर्टात गेले तर २००८ मध्ये नवा कायदा करून मदत करणाऱ्या कंपन्यांना मागच्या तारखेपासून माफी दिली, आणि या सगळ्यात सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच.

ग्रीसमधलं प्रकरण तर याहून विचित्र. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमाराला व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये कोणीतरी चोरून सॉफ्टवेअर घुसवलं. कायदेशीर टॅपिंगसाठी जी सोय एरिक्सन कंपनीच्या मशीनमध्ये आधीच होती तीच त्याने गुपचूप चालू केली आणि पंतप्रधान कॉस्टास कारामानलिस यांच्यासह शंभरावर लोकांच्या कॉलची कॉपी काही प्रीपेड नंबरांवर पाठवली. जानेवारी २००५ मध्ये काही एसएमएस पोचेनात म्हणून तपासणी झाली आणि त्यात हे सापडलं, नाहीतर किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. चोरवाट ठेवली की ती फक्त सरकारच वापरेल ही समजूत इथे साफ खोटी ठरली.

आता तर केबलला हात लावायचीही गरज उरली नाही. २०१९ मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर व्हॉट्सॅपच्या कॉलिंगमधून सुमारे १४०० जणांना लक्ष्य करून सोडलं गेलं, कॉल उचलला नाही तरी फोनमध्ये शिरायचं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी कोर्टाने एनएसओला जबाबदार धरलं. ग्राहकांचं लोकेशन विकायचा धंदा वेगळाच, त्यासाठी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या मोबाईल कंपन्यांना मिळून जवळपास २० कोटी डॉलरचा दंड झाला.

दाद मागणं हीच खरी अडचण आहे, कारण ज्याच्यावर पाळत आहे त्याला ते माहीतच नसतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने वकील-पत्रकारांची याचिका फेटाळली, का, तर तुमच्यावर पाळत आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एनएसएसाठी कंत्राटावर काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेली कागदपत्रं छापून आली आणि करोडो लोकांच्या कॉलच्या नोंदी रोज सरकारकडे जात होत्या हे सगळ्यांना कळलं. तो प्रकार कायद्यात बसत नाही असं अपील कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं. जर्मनीत पाळत संपल्यावर त्या माणसाला कळवायचं असा नियम आहे, तपासाला धोका असेल तर ते लांबवता येतं, पण निदान कळवायची जबाबदारी तरी कायद्याने सरकारवर टाकली आहे.