अनुक्रमणिका पुस्तकाची, अनुक्रमणिका मासिकाची

‘मासिकाच्या अनुक्रमणिकेचं पान करून आणा’ असं सांगितलं की डिझाइनचे बहुतेक विद्यार्थी पुस्तकाची अनुक्रमणिका करून आणतात. डावीकडे शीर्षक, मग टिंबांची लांबलचक रांग, उजव्या टोकाला पान क्रमांक. कोपऱ्यात एक फोटो चिकटवला की झालं मासिक! दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, तिथेच गोम आहे.

पुस्तक हातात घेणाऱ्याला विषय ठाऊक असतो. कुठलं प्रकरण कुठे सुरू होतं, एवढंच त्याला हवं असतं. मासिक चाळणाऱ्यानं काहीच ठरवलेलं नसतं. तो दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेला असेल, आणि नंबर कधीही लागेल. त्याला पान सापडून उपयोग नाही, आधी ते उघडावंसं वाटलं पाहिजे.

समजा विषय आहे कोल्हापुरी चप्पल. पुस्तकात ‘३. शिवण आणि बांधणी … ४१’ एवढं पुरतं. मासिकात त्याच मजकुरासाठी ‘४१’ हा आकडा ठसठशीत येईल, शेजारी ‘करकर’ असं शीर्षक आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘नवी वहाण वाजते कशी, ते शिवणाऱ्याच्याच तोंडून.’ या एका ओळीवर विद्यार्थी सगळ्यात कमी वेळ घालवतात. फॉन्ट निवडायला दोन दिवस, ओळ लिहायला दोन मिनिटं. खरं तर पान तिच्यावरच उभं असतं.

आकडाही म्हणूनच जागा बदलतो. पुस्तकात तो ओळीच्या शेवटी, कारण नजर शीर्षकावरून त्याच्याकडे जाते. मासिकात तो बहुधा आधी आणि मोठा. फोटोवरही बसतो, म्हणजे फोटो आवडला की थेट त्या पानावर. देवनागरीत इथे एक बारकावा आहे. आकड्याला शिरोरेषा नसते, शीर्षकाला असते. मोठ्या आकड्याचा माथा शीर्षकाच्या शिरोरेषेशी जुळवला तर दोन्ही एकत्र बसलेले दिसतात. नाही जुळवला तर आकडा लोंबकळतो. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या सवयीनं ठेवू नका, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडा. नाहीतर फॉन्टमध्ये सोय असूनही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात.

क्रमाचा घोळ वेगळाच. पुस्तकात १, २, ३ असंच जायचं, दुसरा पर्याय नाही. मासिकात कव्हर स्टोरी पान २८ वर असली तरी अनुक्रमणिकेत ती सगळ्यांच्या वर येऊ शकते. खाली लेख एका गटात, दर अंकात येणारी सदरं दुसऱ्या. आकडे २८, ८, ४१, १४ असे उड्या मारतात. विद्यार्थ्यांना ही चूक वाटते आणि ते निमूटपणे सगळं चढत्या क्रमानं लावून टाकतात. गट सुटसुटीत असतील तर वाचकाचं काही अडत नाही.

आपल्याकडे या दोहोंच्या मधली एक चीज आहे: दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि परंपरा सुरू झाली. अंक पुस्तकासारखा जाडजूड, पण वाचायचा मासिकासारखा, कुठूनही. त्यामुळे अनुक्रमणिकेत कथा, कविता, लेख, राशिभविष्य असे कप्पे, आणि लेखकाचं नाव शीर्षकाच्या तोडीस तोड. कारण अनेक जण अंक घेतात तेच नावं बघून. प्रकल्पासाठी दिवाळी अंक निवडलात तर परदेशी फॅशन मासिकाचा नमुना समोर ठेवू नका. तिथे चेहरा विकला जातो, इथे नाव.

इनडिझाइनसारख्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षकांच्या स्टाइलवरून, म्हणजे त्यांना ठरवून दिलेल्या अक्षरवळणावरून, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पुस्तकासाठी ती सोय उत्तम. मासिकासाठी जेमतेम, कारण आतलं शीर्षक आणि अनुक्रमणिकेतली ओळ सारखी असेलच असं नाही. शिवाय ऐन वेळी जाहिरात आली की पानं सरकतात. तुमच्या प्रकल्पात जाहिराती नसतात म्हणून हे सुचत नाही. दोन-चार खोट्या घालून बघा.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: उजवं पान नेहमी विषम. अनुक्रमणिका उजवीकडे ठेवून खाली ‘४’ छापलेला प्रकल्प बघितला की पुढचं बघायची इच्छा राहत नाही. मधोमध पिना मारायच्या असतील तर एकूण पानं चारच्या पटीत हवीत, हेही आधीच मोजा.

शेवटी मुखपृष्ठ. पुस्तकाचं मुखपृष्ठ एकूण पुस्तकाबद्दल बोलतं, आतल्या प्रकरणांची नावं त्यावर सहसा नसतात. मासिकाचं मुखपृष्ठ मात्र आतले तीन-चार लेख ओरडून सांगतं, आणि वाचक ते शोधत अनुक्रमणिकेवर येतो. बाहेर ‘करकर’ आणि आत ‘चर्मकलेचा समृद्ध वारसा’ असं छापलंत, तर तो बिचारा करकर शोधतच राहील.