एकांची मोजदाद

बुद्धिबळाच्या पटावर घरं ६४ आणि आजच्या प्रोसेसरच्या एका रजिस्टरात, म्हणजे आकडा ठेवायच्या आतल्या कप्प्यात, बिटंही (० किंवा १ च्या जागा) ६४. बुद्धिबळाची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांनी या योगायोगाचं सोनं केलं. पांढरं प्यादं असलेल्या घराचा बिट १, बाकीच्यांचा ०. सगळी प्यादी एका आकड्यात मावली. प्यादी किती उरली? त्या आकड्यात १ जितके, तितकी. हा प्रश्न एका चालीच्या विचारात अक्षरशः लाखो वेळा पडतो.

बिट एकेक करून तपासले तर ६४ फेऱ्या. त्याहून बरी युक्ती पीटर वेगनर यांनी १९६० साली छापली होती: संख्येतून १ वजा करा आणि उत्तराचं मूळ संख्येशी 'अँड' करा, म्हणजे दोन्हींत १ असेल तिथेच १ ठेवा. ४४ घेऊ, म्हणजे द्विमानात १०११००. त्यातून १ गेला की १०१०११. शाळेतली वजाबाकी आठवा. उजवीकडची शून्यं डावीकडे उसनं मागत जातात. पहिला भेटलेला १ ते देतो आणि स्वतः शून्य होतो. त्याच्या पलीकडे काही हलत नाही. 'अँड' केल्यावर राहतात १०१०००, म्हणजे ४०. बरोबर एक १ गळाला. पुढच्या फेरीला ३२, मग ०. तीन फेऱ्या, तीन एक.

पण हे काम थेट प्रोसेसरवरच सोपवता येतं. मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ या संगणकात १९५१ सालीच 'आडवी बेरीज' करणारी, म्हणजे संख्येतले १ मोजणारी, सूचना होती. घरगुती संगणकांच्या चिपांत हेच काम करणारी सूचना 'पॉपकाउंट' यायला मात्र २००७-०८ उजाडलं. आधी एएमडी, मग इंटेल. इंटेलच्या चिपवर तिचं उत्तर चिपच्या घड्याळाच्या साधारण तीन ठोक्यांत येतं, एक कितीही असोत.

प्रोग्रामचं चिपच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर ती आपण होऊन वापरत नाही, कारण प्रोग्राम जुन्या चिपवरही चालायला हवा. जुन्या चिपवर पॉपकाउंट आली तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. हे परवडलं! खरी फसवी तिची बहीण, 'एलझेडसीएनटी'. ती डावीकडची शून्यं मोजते. तिचा कोड म्हणजे जुन्या 'बीएसआर' सूचनेला लावलेला एक उपसर्ग, आणि जुनी चिप तो उपसर्ग कानाआड करते. 'अपमान' म्हणावं आणि समोरच्याने 'मान' ऐकावं, तसं. ३२ बिटांतल्या ४४ साठी नवी चिप २६ सांगते, तर जुनी ५, कारण बीएसआर सर्वात डावीकडच्या १ चा क्रमांक देते. तक्रार नाही, थांबणं नाही. चुकीचा आकडा घेऊन प्रोग्राम खुशाल पुढे जातो.

म्हणून सुरुवातीलाच 'सीपीयूआयडी' या सूचनेने चिपला विचारून घ्यायचं, तुला काय काय येतं. तेवढ्यानेही भागतं असं नाही. निवडक बिटं उचलून एकत्र लावणारी, हत्ती-उंटांच्या चाली काढायला उपयोगी पडणारी सूचना 'पेक्स्ट' येते का, या प्रश्नाला एएमडीची झेन २ बिनदिक्कत 'हो' म्हणते. पण आतून ते काम मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला छोटा प्रोग्राम, रेटत करतो, फारच हळू. झेन ३ मध्ये, २०२० साली, ते सुधारलं. तोवरच्या झेन चिपांवर हत्ती जुन्या गुणाकाराच्या पद्धतीनेच चालवलेला बरा.