‘बखर’ हा शब्द आला कुठून?

आज ‘बखर’ दोन अर्थांनी कानावर पडते. एखाद्या गावाची, चळवळीची रसाळ हकिकत म्हणजे बखर. आणि इतिहासाच्या वादात ‘हे तर बखरीतलं’ असे म्हटले की त्यावर भरवसा ठेवू नका, असा इशारा. हा दुसरा अर्थ शब्दाला चिकटला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि माझ्या मते शब्दावर अन्याय करून चिकटला.

व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. बहुतेकांना पटलेले मत असे की मूळ शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘खबर’, आणि अक्षरांची अदलाबदल होऊन त्याचा ‘बखर’ झाला. अशी अदलाबदल मराठीच्या तोंडात रुळलेली आहे. नुकसानचे ‘नुस्कान’ आणि मतलबचे ‘मतबल’ खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. दुसरे मत ‘बखैर’कडे बोट दाखवते. बखैर म्हणजे क्षेमकुशल, पत्राला शोभणारा शब्द. तिसरे मत बोलणे या अर्थाच्या ‘बक’पाशी जाते.

‘खबर’वाल्यांना नेहमी एक प्रश्न विचारला जातो: ‘खबर’ मराठीत जशीच्या तशी नांदत असताना तिचेच दुसरे रूप कशाला हवे? पण एकाच मुळाचे दोन शब्द भाषेत राहतात आणि कामे वाटून घेतात. खबर ताज्या घटनेची, बखर होऊन गेलेल्या काळाची. ‘बखैर’ मला कमी पटतो, कारण तो लेखनाचा शिष्टाचार सांगतो, आशय सांगत नाही. तरी त्यातली एक गोष्ट खरी आहे: बखरीचा बाज पत्राचा आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली शिवाजी महाराजांची बखर, म्हणजे सभासदाची बखर, उघडून पाहावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला ती लिहिली गेली. तिच्या आरंभीच धन्याचा, म्हणजे शिवाजीपुत्र राजारामाचा, सवाल येतो: वडिलांनी एवढा पराक्रम केला, पातशाह्यांना आळा घातला, तरी औरंगजेब येऊन किल्ले घेतो, याचे कारण काय? जुन्या माहितगार सेवकाने ते लिहून पाठवावे. सेवक लिहितो ते या सवालाचे उत्तर, आणि त्याला तो ‘चरित्र’ म्हणतो. म्हणजे ज्या लेखनाला आपण बखरीचा नमुना मानतो, त्याने स्वतःसाठी वापरलेला शब्द वेगळाच आहे. बखर हे नाव सर्वांवर सरसकट बसले ते पुढे, आणि छापखान्याने ते पक्के केले. पुण्यातल्या एका मासिकाने 1878 पासून जुनी काव्ये आणि बखरी छापायला घेतल्या, तेव्हा वाड्यांतल्या दप्तरांत पडून असलेले हे गद्य सामान्य वाचकाच्या हाती आले.

मग 1898 उजाडले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातली अस्सल पत्रे होती, आणि संपादक वि. का. राजवाडे यांनी लांबलचक प्रस्तावनेत त्या पत्रांपुढे बखरींची झाडाझडती घेतली. तारखा चुकतात, माणसे भलत्या ठिकाणी दिसतात, आकडे फुगतात, हे सगळे खरेच होते. समकालीन कागदाचा एक चिटोरा बखरीतल्या मजकुराला खोटे पाडू शकतो, ही भूमिका तिथून रुजली आणि अभ्यासाला शिस्त लागली. पण मालकाने विचारलेल्या प्रश्नाला आठवणीतून दिलेले उत्तर रोजनिशीच्या मापाने मोजले गेले, हेही तिथेच घडले. त्याच संशोधकाने 1924 मध्ये उत्तर कोकणातली महिकावतीची बखर संपादून छापली आणि तिच्या आधारे कोकणातल्या वसाहतींचा इतिहास मांडला, ही गोष्ट मात्र वाद घालणारे फारसे सांगत नाहीत.

तेव्हापासून बखरीचे घर बदलले. पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर आता विद्यापीठांत मराठी वाङ्मयाच्या वर्गात वाचली जाते, तिच्या ठसठशीत, फारसीमिश्रित गद्यासाठी. इतिहासाचा अभ्यासक तिच्याकडे जातो, पण पत्रांशी ताडून पाहिल्यावरच.