जैविक अनुक्रमांच्या गटांतील फरकाचे चित्रण

डीएनए किंवा प्रथिनांच्या अनुक्रमांचे (म्हणजे एकेका अक्षराने लिहिलेल्या घटकांच्या ओळींचे) दोन गट कोणकोणत्या स्थानांवर वेगळे पडतात, हे अक्षरांच्या उंचीतून दाखवण्याची पद्धत. तिचा पाया म्हणजे श्नायडर आणि स्टीफन्स यांनी १९९० मध्ये मांडलेला सिक्वेन्स लोगो. त्यात अनुक्रम एकाखाली एक जुळवून घेतात आणि प्रत्येक स्थानावर अक्षरांची चळत रचतात. स्थान जितके कमी बदललेले तितकी चळत उंच. उंची बिट या माहितीच्या एककात मोजतात: डीएनएसाठी कमाल २, प्रथिनांसाठी सुमारे ४.३२.

दोन गटांचे लोगो नुसते शेजारी ठेवले, तर नजर भलतीकडेच जाते. सर्वांत उंच अक्षरे बहुधा दोन्हींकडे सारखीच असतात. गंगावेस आणि मोतीबाग तालमींचे पैलवान वेगळे ओळखायचे, तर सगळ्यांनी लंगोट कसलाय हे सांगून काय उपयोग? लॅक्टेट आणि मॅलेट डिहायड्रोजिनेज ही नात्यातली विकरे (एन्झाइम) पाहा. १९५व्या स्थानावरचे हिस्टिडीन हे ॲमिनो अम्ल दोन्हींत ठाण मांडून बसलेले असते. फरक आहे तो १०२व्या स्थानावर: पहिल्यात बहुधा ग्लुटामिन, दुसऱ्यात आर्जिनीन. मॅलेट विकर ज्यावर काम करते त्या ऑक्झॅलोॲसिटेट रेणूवरचा जादा ऋणभार आर्जिनीनचा धनभार सांभाळून घेतो. एका उष्णताप्रिय बॅसिलसच्या लॅक्टेट विकरात १९८८ मध्ये एवढा एक बदल केला, तर ते ऑक्झॅलोॲसिटेटवर जोमाने काम करू लागले. फरकाच्या चित्रात १९५वे स्थान जवळजवळ पुसले जाते आणि १०२वे उठून दिसते.

टू सॅम्पल लोगो (२००६) एका गटात जास्त आढळणारी अक्षरे रेषेच्या वर, कमी आढळणारी खाली मांडतो. आइसलोगो (२००९) आणि डिफलोगो (२०१५) ही त्याच वळणाची साधने. उंची कशी मोजायची, एवढाच मुख्य भेद.

कोल्हापूर परिसरातले उसाच्या मुळांलगतचे जिवाणू आणि पंचगंगेच्या पाण्यातले जिवाणू यांच्या एखाद्या प्रथिनाची अशी तुलना करायची म्हटली, तर खरी अडचण नमुन्यात असते. शिरोळकडच्या एकाच उसाच्या शेतातून घेतलेले जिवाणूंचे दहा वाण म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. ती एकाच घराण्यातली भावंडे असू शकतात, आणि मग चित्रात अधिवासाऐवजी घराणेच दिसते. दुसरी गोम संख्येची. ३०० स्थाने आणि प्रत्येक ठिकाणी २० ॲमिनो अम्ले धरली, तर ६,००० चाचण्या होतात. ०.०५ची (म्हणजे प्रत्येक चाचणीत योगायोगाने फसण्याची ५ टक्के मुभा देणारी) मर्यादा तशीच ठेवली, तर गटांत काहीही फरक नसतानाही सुमारे ३०० अक्षरे निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरू शकतात. म्हणून बॉन्फेरोनीसारखी दुरुस्ती (मर्यादेला चाचण्यांच्या संख्येने भागणे) लावूनच चित्र काढावे.