आजारी मुलाच्या घरात मदतीला नक्की कोण आहे?

डॉक्टर मुलाचं हिमोग्लोबिन बघतात, फेरिटिन (अंगात किती लोह साठलंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघतात, वजन-उंची बघतात आणि फाईल बंद करता करता विचारतात, घरी सगळं ठीक ना? आई म्हणते हो, आणि विषय संपतो. पण थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयारच होत नाही असा जन्मजात रक्ताचा आजार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं नाही तर जन्मभर. म्हणजे दर वेळी कुणाचीतरी रजा, रोजंदारी असेल तर त्या दिवसाची मजुरी गेलीच, तालुक्याहून जिल्ह्याला एसटीने जायचं, ग्रुपचं रक्त शिल्लक असेल का ही धाकधूक, मे महिन्यात तर जास्तच कारण सुट्ट्यांमुळे रक्तदान शिबिरं कमी होतात, आणि वर चढवलेल्या रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला रोजच्या गोळ्या. रक्त मोफत मिळालं तरी बाकीचा खर्च आणि दगदग आहेच. यातलं काहीच त्या "हो" मध्ये येत नाही.

हा ताण फक्त मनात राहत नाही. एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न (ब्लॅकबर्न यांना पुढे 2009 मध्ये नोबेल मिळालं) या संशोधकांनी 2004 मध्ये 58 आयांचा अभ्यास छापला, त्यातल्या 39 जणींची मुलं दीर्घकाळ आजारी होती. पेशींमधल्या क्रोमोसोमच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात, वय वाढतं तशी ती साधारणपणे आखूड होत जातात. ज्या आयांना ताण सगळ्यात जास्त जाणवत होता त्यांची टेलोमिअर कमी ताणवाल्यांपेक्षा इतकी आखूड होती की जणू वयात दहा वर्षांचा तरी फरक असावा. अभ्यास छोटा आहे आणि ताणामुळेच हे झालं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आजारी मुलांच्या आया आणि बाकीच्या आया अशी नुसती तुलना केली तर दोन गटांत फारसा फरक नव्हता, फरक पडत होता तो ताण किती जाणवतोय आणि किती वर्षं सांभाळतोय याने. म्हणजे एकच आजार असलेली दोन घरं सारखी धरून चालत नाही, प्रत्येक घराला वेगळं विचारावं लागतं.

विचारायचं कसं यावर बरंच काम झालंय. 2001 साली रँडी स्ट्राइसँड या मानसशास्त्रज्ञांनी आजारी मुलांच्या आईवडिलांसाठी 42 मुद्द्यांची एक प्रश्नावली केली. झोप न लागणं, रिपोर्टची वाट बघणं, घरच्यांशी वाद होणं असे साधेच मुद्दे आहेत, पण प्रत्येकाला दोन प्रश्न, हे किती वेळा होतं आणि किती जड जातं. हे वेगळं विचारणं फार गरजेचं आहे, कारण सुई टोचणं दर महिन्याचं असतं आणि त्याची सवय होऊन जाते, पण मोठ्या बहिणीच्या गॅदरिंगला एकदाच जाता आलं नाही ते आईला वर्षभर खात राहतं.

ताण असा मोजतात, मग आधाराचं काय? आपल्याकडे लगेच म्हणतात की एकत्र कुटुंब आहे, आठ-दहा माणसं आहेत, आधाराला काय कमी. इथेच मोठी गल्लत होते. अ‍ॅन काझॅक या मानसशास्त्रज्ञ, त्यांनी 1980 च्या दशकात मणक्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला तेव्हा माणसांच्या संख्येबरोबर त्यांनी हेही बघितलं की ही माणसं एकमेकांना किती ओळखतात. जिथे सगळेच एकमेकांना ओळखतात तिथे आईचा ताण जास्त असू शकतो असं त्यात दिसलं. आपल्या भाऊकीत राहिलेल्या कुणालाही हे पटकन कळेल, एका काकूला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचा वेगळा सल्ला.

थॅलेसेमियात तर हे फारच टोकाला जातं. आई आणि वडील दोघंही मायनर (म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण आजाराचं जनुक अंगात आहे असे) असतील तरच मूल मेजर होतं आणि प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता 25 टक्के असते, तरी बोल लागतो तो सुनेलाच. आता तीच सासू हॉस्पिटलच्या दिवशी धाकट्याला जेवू घालते, शाळेत सोडते, म्हणजे तिच्याशिवाय पान हलत नाही आणि तिच्याच बोलण्याने आई रात्री रडते. फॉर्मवर "घरात आधार आहे का, हो किंवा नाही" असं विचारलं तर याचं उत्तर काय लिहायचं? म्हणून माझं म्हणणं आहे की आधार आणि ताण एकाच माणसाबद्दल वेगवेगळे विचारायला हवेत, आणि शक्यतो आईला एकटीला, सासूच्या किंवा नवऱ्याच्या समोर नाही. वडिलांनाही वेगळं विचारा, त्यांना कुणीच विचारत नाही.

यासाठी एक सोपी पद्धत आहे, इकोमॅप, अ‍ॅन हार्टमन या समाजकार्याच्या अभ्यासकांनी 1970 च्या दशकात काढलेली. कागदाच्या मधोमध घराचं वर्तुळ, भोवती माहेर, जाऊ, शाळा, ऑफिस, ब्लड बँक, डे केअरमधल्या (हॉस्पिटलात रक्त चढवतात त्या वॉर्डातल्या) इतर आया, देऊळ, बचत गट, जे असेल ते. पक्क्या आधाराला जाड रेघ, नावापुरत्या नात्याला तुटक, ताण देणाऱ्याला नागमोडी. सासूकडे जाणारी रेघ जाडही असते आणि नागमोडीही, दोन्ही काढायच्या. चांगल्या सोशल वर्करला हे करायला अर्धा तास लागतो, आणि कुठे हात घालायचा ते लगेच दिसतं. जाऊ प्रेमळ आहे पण पैशाचं कुणीच नाही, तर दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे हे सांगून प्रमाणपत्राच्या मागे लागायचं. पैसा आहे पण बोलायला कुणी नाही, तर त्याच वॉर्डातल्या जुन्या आईशी गाठ घालून द्यायची.

आणि हा कागद एकदा काढून फाईलला लावून टाकायचा नाही. मूल शाळेत जायला लागलं, वयात आलं आणि गोळ्या घ्यायला नाही म्हणू लागलं, आजी थकली, बाबांची नोकरी गेली, की रेघा बदलतात. फेरिटिन दर तीन महिन्यांनी बघतोच, त्याच दिवशी हेही विचारता येईल.