ज्युनिपर वाळतो ऑक्टोबरमध्ये, पण मरतो पावसाळ्यातच

फेब्रुवारीत अंगणात ज्युनिपरची तीन रोपं लावली होती, ती वर न वाढता जमिनीवर गालिच्यासारखी पसरतात ना, निळसर हिरवी, तीच. धुळ्याचं मे महिन्याचं ऊन त्यांनी आरामात काढलं, पावसाळ्यात तर अजूनच टवटवीत दिसत होती, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आतल्या बाजूनं एकदम तांबडी पडायला लागली. शेजारच्या आजी बघून म्हणाल्या, "हाई झाड वाळी गयं रे भाऊ, ऊन लागनं."

मलाही तेच वाटलं, पण एक रोप उपटलं तर जोर न लावताच अख्खं हातात आलं. मुळं काळपट, कुजक्या चिखलाचा वास, आणि बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची, हातात फक्त दोऱ्याएवढा धागा उरायचा. जिवंत मूळ असं नसतं, ते आतून पांढरं आणि टणक असतं. म्हणजे मुळं कधीच मेली होती, आणि तरी वरून झाड हिरवं!

हे होतं कसं, ते समजलं की ज्युनिपर समजला. त्याची पानं म्हणजे बारीक सुया किंवा खवले, वर मेणाचा जाड थर, त्यामुळे पानांतून पाणी फार कमी उडतं. श्रावण-भाद्रपदात हवा दमट, आभाळ भरलेलं, तेव्हा तर पानांना पाणी लागतच नाही जवळपास, मग मुळं मेली तरी साठलेल्या ओलाव्यावर झाड कित्येक आठवडे हिरवं राहतं. पाऊस गेला, ऑक्टोबर हीट सुरू झाली, पानांनी पाणी मागितलं आणि खाली द्यायला कोणी नाही. दोष उन्हाला लागतो, पण घात आधीच झालेला असतो.

आता मुळं का मेली? आपली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या पडलेल्या भेगा पावसात मिटून जातात, आणि मातीतल्या हवेच्या जागा पाण्यानं भरतात. मुळांनाही श्वास लागतो, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा साधारण १०,००० पट हळू सरकतो. गुदमरलेल्या मुळांवर मग फायटोफ्थोरा येतो, बुरशीसारखा दिसणारा पण खरी बुरशी नसलेला जीव, त्याचे बीजाणू शेपट्या हलवत मातीतल्या पाण्यातून अक्षरशः पोहत मुळापर्यंत जातात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणला तो याच जातकुळीतला. आमचे मामा चोपड्याकडे केळी लावतात, त्यांच्या सांगण्यावरून मी पावसानं उघडीप दिली की लगेच पाणी घालत होतो, केळीला ते बरोबरच आहे, पण ज्युनिपरला तेच बाधलं.

हे झाड मुळात आलंय कुठून बघा. पसरणाऱ्या ज्युनिपरची एक जात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या खडकाळ, रेताड जमिनीवरची, दुसरी जपान आणि साखालिनच्या समुद्रकाठच्या वाळूतली. 'ब्लू रग' म्हणून जे विकतात ते १९१४ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या एका बेटावर सापडलं आणि तेव्हापासून फांद्यांची कलमं करून जगभर गेलंय. वाऱ्याच्या ठिकाणी जमिनीला चिकटून राहणं फायद्याचं, खाली वारा कमी लागतो. पण वाळूत पाणी थांबत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

म्हणून यंदा नवीन रोपं लावताना मी काळ्या मातीत खड्डा केलाच नाही. खड्डा करून त्यात चांगली माती भरणं सगळ्यात वाईट, आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन साठतं, जमिनीत मडकं पुरल्यासारखं. त्याऐवजी जमिनीच्या वर सव्वा फूट उंचवटा केला, मुरूम, जाड वाळू आणि थोडंसं शेणखत. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा. दोन रोपांत चार-पाच फूट अंतर, आत्ता उघडंबोडकं दिसतं पण पुढे ते सहा-आठ फूट पसरतं. ठिबकची नळी बुंध्यापासून लांब, आणि चांगला पाऊस लागला की बंद. कात्री जपून चालवा, कारण पानं नसलेल्या जुन्या लाकडाला नवीन फुटवा येत नाही, तिथे कापलं की ते भोक कायमचं.

एकदा पसरला की खाली तण फार कमी उगवतं. बऱ्याच तणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो, आणि पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात लाल रंग इतका कमी असतो की वर कोणाची तरी सावली आहे हे बीला कळतं आणि ते झोपून राहतं. हरळी आणि लव्हाळा मात्र याला दाद देत नाहीत, ते गाठी-काशांवरून येतात, ते आधीच खणून काढा, नंतर फांद्यांत हात घालून उपटणं फार त्रासाचं.

आणि पानांच्या रंगावर विसंबून राहू नका. पोळ्याच्या सुमारास बुंध्याला जमिनीलगत नखानं थोडंसं खरवडून बघायचं, आत तपकिरी निघालं तर वर कितीही हिरवं असो, झाड गेलं. यंदा मी बघितलं, तिन्ही नव्या रोपांना आत ओलसर हिरवं होतं.