पुण्याचे विज्ञान-तंत्रज्ञान क्लस्टर आणि उद्योगांना होणारे त्याचे लाभ

संशोधनसंस्था, विद्यापीठे, चाचणी केंद्रे, मोठे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग आणि नवोद्योग हे सर्व एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा टापूत दाटीने नांदू लागले, की त्या प्रदेशाला विज्ञान-तंत्रज्ञान क्लस्टर म्हणतात. ‘उद्योगसमूह’ म्हटले की मराठी वाचकाला एकाच मालकीच्या कंपन्या आठवतात, म्हणून येथे क्लस्टर हाच रूढ शब्द घेतला आहे. औद्योगिक वसाहतीपेक्षा ही कल्पना वेगळी आहे. वसाहतीत भूखंड, पाणी, वीज आणि रस्ता मिळतो. क्लस्टरमध्ये त्याखेरीज दुसऱ्याने कमावलेले कौशल्य आणि दुसऱ्याने उभारलेली उपकरणे वापरायला मिळतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच एकवटलेल्या उद्योगांचे लाभ सांगताना कुशल कामगारांची उपलब्धता, पूरक धंद्यांची वाढ आणि ज्ञानाचा सहज प्रसार या तीन गोष्टींवर बोट ठेवले होते. पुण्यात या तिन्ही गोष्टी दिसतात, मात्र त्या एकाच वेळी किंवा एकाच हेतूने आलेल्या नाहीत.

पुण्याची जडणघडण वेगवेगळ्या निमित्तांनी झाली. अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा १८५४ पासूनची आहे. लष्करी छावणीमुळे खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आला आणि पुढे पाषाण परिसरात संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५२ मध्ये आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाणारे विषाणू संशोधन केंद्र आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स असा विज्ञानाचा पाया स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच घातला गेला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड आणि भोसरीचा माळ कारखान्यांनी भरू लागला. प्रगत संगणनाचे काम करणारी सी-डॅक आणि खगोलशास्त्राची आयुका या संस्था १९८८ च्या, तर विज्ञानाचे शिक्षण व संशोधन करणारी आयसर २००६ ची. प्रयोगशाळा पाषाण व विद्यापीठाच्या बाजूला आणि यंत्रशाळा भोसरीच्या बाजूला अशी ही विभागणी आजही नकाशावर स्पष्ट दिसते, आणि क्लस्टरचा लाभ कोणाला किती मिळतो हे बऱ्याच अंशी या दोन टोकांमधली ये-जा किती आहे यावर ठरते.

नव्या कंपनीला सर्वांत आधी जाणवणारा लाभ उपकरणांचा असतो. रेणूची रचना तपासणारे एनएमआर यंत्र किंवा पदार्थाचा पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विकत घेणे, तो चालवायला माणूस ठेवणे आणि त्याची देखभाल करणे पाच-दहा जणांच्या कंपनीला परवडत नाही. तिला वर्षातून मोजकेच नमुने तपासायचे असतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून चालणारे व्हेंचर सेंटर हे उद्भवन केंद्र, म्हणजे नवोद्योगांना (स्टार्टअप) उभे राहायला मदत करणारे इन्क्युबेटर, अशा कंपन्यांना प्रयोगशाळेची जागा, सामायिक उपकरणे आणि पेटंटविषयक सल्ला पुरवते. नमुना कुरिअरने दूरच्या शहरात पाठवूनही अहवाल मिळतो, हे खरे. पण अहवालातील एखादा अनपेक्षित आकडा नमुन्याचा दोष आहे, मोजणीचा आहे की मूळ कल्पनेचाच, हे यंत्र चालवणाऱ्या तज्ज्ञाशेजारी बसून लवकर उलगडते. नेमके काय मोजायचे हेच ठरलेले नसते अशा आरंभीच्या काळात जवळ असण्याचे मोल सर्वाधिक असते.

भोसरीच्या बाजूचा लाभ वेगळ्या जातीचा आहे, आणि लेखी वर्णनांत त्याला मिळते त्याहून अधिक महत्त्व त्याला द्यायला हवे. एखाद्या वैद्यकीय उपकरणाचा नमुना बनवायचा, तर त्याचा एक भाग सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कापावा लागतो, दुसरा विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या वायरकटवर, मग धातू तापवून कणखर करणारी हीट ट्रीटमेंट, मग धातूचा मुलामा देणारे प्लेटिंग. यांतील प्रत्येक काम करणाऱ्या स्वतंत्र शेड येथे काही किलोमीटरांच्या आत आहेत आणि त्यांपैकी अनेक जण जॉबवर्क म्हणून थोड्या नगांचे कामही घेतात. रेखाचित्रातील मापाची मर्यादा विनाकारण कडक ठेवली आहे, ती थोडी सैल केली तर खर्च पुष्कळ उतरेल, असे साचे व हत्यारे घडवणारा अनुभवी टूलरूमवाला कागद हातात घेताच सांगू शकतो. हे ज्ञान पुस्तकात नसते. ते टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज, किर्लोस्कर यांसारख्या कारखान्यांच्या मागणीतून आणि प्रशिक्षणातून घडले. तेथे शिकलेल्या अनेक तंत्रज्ञांनी पुढे स्वतःची यंत्रे टाकली आणि ते त्याच कारखान्यांचे पुरवठादार झाले. चिंचवडच्या ऑटो क्लस्टर या संस्थेत लघुउद्योगांसाठी चाचणी, मापन व नमुनानिर्मितीच्या सामायिक सोयी आहेत.

उत्पादन बाजारात आणण्यापूर्वी मान्यतेचा टप्पा येतो. वाहन आणि त्याच्या सुरक्षेशी संबंधित सुटे भाग यांना नियमानुसार अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि अशी कामे करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून पुण्यात आहे. चाचणीत भाग नापास झाला, तर दुरुस्ती करून तो पुन्हा नेण्याचा फेरा येथील उत्पादकाला छोटा पडतो. मार्च २०२० मध्ये मायलॅब या पुण्यातील कंपनीच्या कोविड चाचणी संचाला भारतीय कंपन्यांमध्ये प्रथम व्यापारी मान्यता मिळाली; त्या संचाचे मूल्यमापन पुण्यातीलच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाले होते. तपासणारी संस्था अर्थातच निकषांत सवलत देत नाही. तथापि ज्या शहरात विषाणुविज्ञानाची परंपरा आहे, तेथे निकष समजणारी माणसेही कंपनीला मिळतात.

माणसे मिळणे हा सर्वांत टिकाऊ लाभ होय. रसायनतज्ज्ञ, उपकरणाच्या आत बसणारे एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता आणि साचे घडवणारा कारागीर असे तिघेही एकाच शहरात सापडणे सोपे नसते. शिवाय नोकरी सोडून नवोद्योगात येणाऱ्या संशोधकाला तो उपक्रम फसला तरी घर न हलवता दुसरे काम मिळण्याची शक्यता दिसते, आणि पती-पत्नी दोघेही विज्ञानक्षेत्रातले असतील तर दोघांनाही त्याच शहरात काम मिळू शकते. या दुसऱ्या गोष्टीचा विचार कंपनीची जागा ठरवताना क्वचितच होतो. प्रत्यक्षात अनुभवी माणूस येणार की नाही, हे अनेकदा तिच्यावरच ठरते.

दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय घडू शकते, याचे चांगले उदाहरण हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटाचे (फ्युएल सेल) आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आणि वाहनांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी पुण्याची केपीआयटी यांनी विकसित केलेल्या इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्या तंत्रज्ञानावर आधारित बसचे पुण्यात अनावरण झाले. घटातील पटल (मेम्ब्रेन) आणि उत्प्रेरक यांचे रसायनशास्त्र एका संस्थेकडे, तर घटाला वाहनात बसवून त्याचे नियंत्रण करण्याचे कौशल्य दुसऱ्याकडे होते. अशा कामात करारापेक्षा वारंवार होणाऱ्या भेटी अधिक उपयोगी पडतात. तरीही तिसरा भागीदार तमिळनाडूतील होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शेजार असला म्हणून सहकार्य होतेच, असे नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकविषयक संशोधनासाठी करार केला, तो अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकशी. कोवॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्यात वेगळा केला गेला, परंतु लस हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केली. ज्ञान घेण्याची तयारी आणि कुवत जेथे असते तेथे ते जाते. पुण्यातील संशोधनसंस्था, उद्योग आणि शासन यांची गाठ घालून देणारी यंत्रणा असावी, या विचाराने केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाच्या पुढाकारातून २०२० मध्ये पुणे नॉलेज क्लस्टरची स्थापना झाली. त्याआधीपासून हे काम काही प्रमाणात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा चेंबरसारख्या उद्योजकांच्या संघटना करीत आल्या आहेत.

लाभांबरोबर खर्चही येतो. कुशल माणसे जवळ असतात तशा त्यांना जास्त पगार देऊ करणाऱ्या कंपन्याही जवळ असतात, त्यामुळे वर्षभर शिकवलेला अभियंता शेजारच्या इमारतीत जाण्याचा धोका कायमचा असतो. जागेचे भाडे चढे असते आणि हिंजवडीसारख्या भागात रस्त्यावर जाणारा वेळ जवळ असण्याचा फायदाच कमी करतो. एकाच ठरावीक मालाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या आणि कच्च्या मालावर मुख्य खर्च होणाऱ्या कारखान्याला स्वस्त जमीन व बंदराची सोय यांचा उपयोग अधिक होतो. परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीला पुण्यात मनुष्यबळ मिळते, पण पाषाणच्या प्रयोगशाळांशी तिचा संबंध येईलच असे नाही. जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरणे, विद्युत वाहनांचे घटक आणि नवे पदार्थ या क्षेत्रांतील लहान कंपन्यांना मात्र उत्पादनाचा पहिला विश्वासार्ह नमुना हाती येईपर्यंत ही दोन्ही टोके लागतात.